केस पेपरवर एक तारीख हवी

प्रति,
माननीय कार्यकारी आरोग्य अधिकारी,
सार्वजनिक आरोग्य खाते,
बृहन्मुंबई महानगरपालिका

विषय : मेंदूच्या दाहामुळे मंदावणारी बुद्धी आणि उपनगरांतील दवाखान्यांत तिची वेळेवर ओळख

माननीय महोदय / महोदया,

डोके जड होणे, बोलता बोलता ओळखीचा शब्द न सापडणे, वाचलेली ओळ पुन्हा वाचावी लागणे, नेहमीचा हिशेब न जमणे या तक्रारींना मराठीत 'डोके चालत नाही' म्हणतात. कोविडच्या साथीनंतर 'ब्रेन फॉग', म्हणजे मेंदूतले धुके, हा शब्दही रुळला. हे रोगाचे नाव नव्हे, लक्षण आहे. गर्दीच्या ओपीडीत ते थकवा, ताण किंवा वय यांच्या खात्यावर टाकले जाते आणि पुष्कळदा ते योग्यही असते. पण काही रुग्णांत या तक्रारीच्या मुळाशी मेंदूचा दाह असतो. त्यातला काही प्रकारचा दाह काही तासांत जिवावर बेततो, काही आठवड्यांत कायमचे अपंगत्व देतो, तर काही महिनोन्‌महिने रेंगाळून हळूहळू ओसरतो. हे प्रकार वेगळे करण्याचे पहिले साधन फुकट आहे. ते म्हणजे एका प्रश्नाचे उत्तर : हा माणूस नेहमीसारखा शेवटचा कधी होता?

विचारांची स्पष्टता ही एकच शक्ती नाही. तिच्यात किमान तीन कामे मिसळलेली असतात. पहिले काम लक्षाचे, म्हणजे भोवतीच्या गोंगाटातून हवे तेवढे निवडून त्यावर टिकून राहण्याचे. दुसरे कार्यस्मृतीचे, म्हणजे माहिती काही क्षण मनात धरून तिच्यावर काही करण्याचे. तिसरे वेगाचे, म्हणजे ऐकणे, समजणे आणि उत्तर देणे यांत जाणाऱ्या वेळेचे. अंधेरीहून बोरिवलीपर्यंतची स्थानके पश्चिम रेल्वेचा रोजचा प्रवासी झोपेतही सांगेल : जोगेश्वरी, राम मंदिर, गोरेगाव, मालाड, कांदिवली, बोरिवली. ती सवयीची स्मृती झाली. 'एक सोडून एक सांगा' म्हटले की राम मंदिर, मालाड, बोरिवली असे म्हणताना वगळलेले स्थानकही मनात धरावे लागते. दाहाचा घाव पुष्कळदा या दुसऱ्या प्रकारच्या कामावर पडतो. म्हणून घरचे लोक सांगतात, 'जुने सगळे आठवते, पण सुचत काही नाही.' हे वर्णन वैद्यकीयदृष्ट्या नेमके आहे.

दाह ही मुळात शरीराची संरक्षणाची रीत आहे. जंतू शिरला किंवा पेशी जखमी झाल्या की तिथला रक्तप्रवाह वाढतो, पांढऱ्या पेशी जमतात आणि रासायनिक संदेश सुटतात. लाली, उष्णता, सूज आणि वेदना ही दाहाची चार लक्षणे रोमन लेखक सेल्सस याने पहिल्या शतकात नोंदवली. बोट कापले तर चारही दिसतात. मेंदूत मात्र यातले जवळजवळ काहीच बाहेरून दिसत नाही. तो कवटीत बंद असतो आणि त्याच्या ऊतींना वेदनेची जाणीव नसते. दुखतात ती त्याची आवरणे आणि रक्तवाहिन्या. त्यामुळे दाह मेंदूच्या आत असेल तर तो वागण्यातून, बोलण्यातून आणि झोपेतून कळतो. डोके न दुखणाऱ्या माणसाच्याही मेंदूत दाह असू शकतो.

मेंदूची स्वतःची राखणदार पेशी म्हणजे मायक्रोग्लिया. स्पॅनिश शास्त्रज्ञ पियो देल रिओ ओर्तेगा यांनी १९१९ साली तिची वेगळी ओळख पटवून दिली. एरवी या पेशी आपल्या बारीक फांद्या हलवत आसपासच्या चेतापेशींची पाहणी करतात, मृत पेशींचे अवशेष उचलतात आणि चेतापेशींमधील नको असलेले सांधे छाटतात. धोक्याची सूचना मिळाली की त्या रूप बदलतात आणि सायटोकाइन नावाची संदेशद्रव्ये सोडतात. इंटरल्यूकिन-१, इंटरल्यूकिन-६ आणि टीएनएफ ही त्यांतली प्रमुख. हे काम थोडा वेळ चालले तर जंतू मरतो आणि पेशी पूर्वपदावर येतात. ते थांबलेच नाही तर राखणदाराच्या हातूनच घराची मोडतोड होते.

मेंदूत दाह पेटण्यासाठी जंतू मेंदूत शिरावाच लागतो असे नाही. रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये रक्तवाहिन्यांच्या आतल्या पेशींचा घट्ट विणलेला अडसर असतो. शरीरातील दाहाचे संदेश तो तीन वाटांनी ओलांडतात. काही सायटोकाइन अडसरातून आत नेले जातात किंवा अडसर विरळ असलेल्या जागांतून शिरतात. काही संदेश अडसराच्या पेशीच पुढे पोचवतात. तिसरी वाट व्हेगस या चेतातंतूची. तो छाती आणि पोटातील अवयवांची खबर थेट मेंदूच्या देठाला देतो. म्हणूनच न्यूमोनिया फुप्फुसात असतो आणि बरळणे तोंडातून येते. ताप आलेला माणूस पडून राहतो, जेवण टाकतो, कोणाशी बोलत नाही. अमेरिकी पशुवैद्यक बेंजामिन हार्ट यांनी १९८८ साली असे मांडले की आजारी प्राण्याचे हे वागणे अशक्तपणाचा निव्वळ परिणाम नसून ऊर्जा वाचवण्यासाठी मेंदूने घडवलेला बदल आहे. पुढे निरोगी स्वयंसेवकांना टायफॉइडची लस टोचून केलेल्या प्रयोगांत सौम्य दाहाच्या काही तासांतच मरगळ आली आणि प्रतिसादाचा वेग कमी झाला. म्हणजे 'डोके चालत नाही' ही तक्रार निव्वळ मनाची नसून तिला रक्तात आणि पेशींत मोजता येणारा आधार असू शकतो.

दाहामुळे बुद्धी मंदावण्याच्या वाटा अनेक आहेत. चेतापेशींच्या सांध्यांवर ग्लुटामेट या संदेशद्रव्याचा समतोल बिघडतो आणि नव्या गोष्टीची नोंद पक्की होत नाही. चेतातंतूंवरच्या मायलिन या वेष्टनाची निगा राखणाऱ्या पेशी कमी झाल्या की संदेशाचा वेग घटतो. स्मृतीशी निगडित हिप्पोकॅम्पस या भागाचे कामही सायटोकाइनमुळे मंदावते. बारीक रक्तवाहिन्यांचा दाह झाला तर पुरवठा तोकडा पडतो. शरीराच्या वजनाच्या जेमतेम २ टक्के असलेला मेंदू शरीराच्या एकूण ऊर्जेपैकी सुमारे २० टक्के वापरतो, म्हणून पुरवठ्यातली थोडी घटही त्याला जाणवते. आणि दाहाने सूज आली तर कवटीत जागा नसल्याने दाब वाढतो. तेव्हा उलट्या, गुंगी आणि शेवटी बेशुद्धी येते.

हे सगळे किती वेगाने घडते यावरून कारणाचा अंदाज बांधता येतो.

तासांत किंवा एक-दोन दिवसांत आलेला गोंधळ ही तातडीची बाब असते. ताप, मान ताठ होणे आणि भान हरपणे ही लक्षणे एकत्र आली तर जिवाणूंमुळे मेंदूच्या आवरणांचा दाह झाल्याचा संशय घ्यावा लागतो. तिथे प्रतिजैविकाचा पहिला डोस दिवसांनी नव्हे, तासाभरात पडायला हवा. पावसाळ्यात फॅल्सिपॅरम मलेरिया मेंदूवर जाण्याची शक्यता धरावी लागते. वृद्धांमध्ये चित्र फसवे असते. लघवीच्या मार्गाचा किंवा छातीचा साधा संसर्गही त्यांना भ्रमात लोटतो. जुनी पिढी याला 'वात झाला' म्हणते. त्यातला आरडाओरडा करणारा रुग्ण सर्वांच्या नजरेस पडतो. गप्प होणारा, दिवसभर झोपणारा, विचारल्यावर तुटक उत्तर देणारा रुग्ण मात्र 'आज शांत आहेत' म्हणून सुटून जातो. हा शांत भ्रम अधिक वेळा नजरेआड होतो. कालपर्यंत नातवंडांची नावे बिनचूक घेणाऱ्या आजींना आज ती सांगता येत नसतील, तर एका दिवसात वय वाढलेले नसते. काहीतरी घडलेले असते.

काही दिवसांत वाढत जाणारा बदल मेंदूज्वराकडे बोट दाखवतो. महाराष्ट्राचा या विषयाशी संबंध जुना आहे. नागपूरजवळच्या चांदीपुरा गावाचे नाव मिळालेला विषाणू १९६५ साली पुण्याच्या संस्थेतील शास्त्रज्ञांनी शोधला. ती संस्था आज राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था म्हणून ओळखली जाते. वाळूमाशीतून पसरणारा हा विषाणू लहान मुलांना एक-दोन दिवसांत बेशुद्धीपर्यंत नेतो. त्यावर औषध नाही. हर्पिस विषाणूच्या मेंदूज्वरावर मात्र आहे. उपचार न मिळाल्यास त्यात सुमारे ७० टक्के रुग्ण दगावतात. असायक्लोव्हिर वेळेत सुरू झाल्यास हे प्रमाण २० ते ३० टक्क्यांपर्यंत उतरते. या आजारात सुरुवातीला फिट येण्याआधीच माणूस विचित्र बोलू लागतो, वास आणि भास सांगू लागतो. लेप्टोचा, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसचा, मार्ग आणखी वेगळा. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि पुराच्या पाण्यातून चाललेल्या उपनगरांत नंतर लेप्टोची साथ आली. या रोगात पहिला ताप ओसरल्यावर दुसरा टप्पा येऊ शकतो. त्यात जंतूपेक्षा शरीराचा प्रतिकारच मेंदूच्या आवरणांना दाह घडवतो. ताप उतरला म्हणून रुग्ण बरा झाला असे इथे धरता येत नाही.

याच गटात प्रतिकारशक्तीने स्वतःच्या मेंदूवर केलेला हल्ला येतो. २००७ साली जोसेप डाल्माऊ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एनएमडीए ग्राहकांविरुद्धच्या प्रतिपिंडांमुळे होणारा मेंदूदाह उलगडला. तो तरुण मुलींत आणि स्त्रियांत जास्त आढळतो. त्यांतल्या काहींच्या अंडाशयात गाठ असते. सुरुवात मानसिक लक्षणांनी होते : झोप उडते, संशय वाढतो, बोलणे असंबद्ध होते, मग फिट येतात आणि तोंडाच्या विचित्र हालचाली सुरू होतात. अशा मुलीला 'बाहेरची बाधा' झाली असे समजून मांत्रिकाकडे नेले तर मोलाचे आठवडे हातातून जातात. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे २०१३ च्या महाराष्ट्राच्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा ठरवले आहे. पण कायद्याइतकीच गरज आहे ती घरच्यांना हे कळण्याची की ही बाधा रक्ताच्या आणि मणक्यातल्या पाण्याच्या तपासणीत सापडते. स्टेरॉइड, इम्युनोग्लोब्युलिन, प्लाझ्मा बदलणे आणि गाठ असल्यास ती काढणे या उपचारांनी दोन वर्षांत सुमारे पाचपैकी चार रुग्ण चांगले सावरतात. वेड म्हणून दूर सारलेली मुलगी पुन्हा कॉलेजला जाऊ शकते.

आठवड्यांच्या गतीने येणारा दाह मुंबईत सर्वांत जपून शोधावा लागतो, कारण तो क्षयाचा असू शकतो. जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश भारतात आहेत. क्षयाचे जंतू मेंदूच्या आवरणांपर्यंत पोचले की सुरुवात अगदी सौम्य होते : बारीक ताप, भूक मंदावणे, अधूनमधून डोकेदुखी, चिडचिड, कामात लक्ष नसणे. मूल खेळणे सोडते आणि अभ्यासात मागे पडते. दोन-तीन आठवड्यांनी उलट्या, तिरळेपणा, गुंगी दिसू लागते आणि तोवर बरेच नुकसान झालेले असते. उपचार सुरू होताना रुग्ण किती सावध होता, यावर त्याचे पुढचे आयुष्य अवलंबून असते. दाह स्वतः किती घातक असतो हेही याच रोगाने दाखवले. व्हिएतनाममध्ये ५४५ रुग्णांवर झालेल्या आणि २००४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत क्षयाच्या औषधांबरोबर दाह शमवणारे डेक्सामेथासोन दिल्यावर मृत्यूचे प्रमाण ४१ टक्क्यांवरून ३२ टक्क्यांवर आले. जंतुनाशक औषधे दोन्ही गटांना मिळत होती. मृत्यू घटले, पण वाचलेल्यांतील तीव्र अपंगत्व घटले नाही. ते टाळण्याची संधी लवकर निदानात आहे.

त्या निदानासाठी पाठीच्या मणक्यातले पाणी काढावे लागते. या तपासणीची घरोघरी धास्ती आहे. पाय जातील, कंबर कायमची धरेल, असे शेजारपाजारचे सांगतात. प्रौढ माणसात मज्जारज्जू कमरेच्या वरच्या मणक्यांपाशी संपतो आणि सुई त्याच्या बरीच खाली, नुसते द्रव व चेतांचे धागे असलेल्या जागी टोचली जाते. काही जणांना नंतर दोन-चार दिवस डोकेदुखी होते. मेंदूतील दाब वाढल्याची चिन्हे असतील तर डॉक्टर आधी स्कॅन करतात. एवढे शांतपणे समजावले तर नकाराची बरीच कारणे उरत नाहीत.

महिन्यांच्या गतीने रेंगाळणारे धुके मुंबईकरांनी कोविडनंतर ओळखले. २०२० साली मरोळच्या सेव्हनहिल्स रुग्णालयातून, गोरेगावच्या नेस्को मैदानातून आणि मुलुंड व दहिसरच्या जम्बो केंद्रांतून हजारो माणसे घरी परतली. काहींचा ताप गेला, पण तरतरी परतली नाही. ज्यांना रुग्णालयात जावेच लागले नाही अशांनाही हा त्रास झाला. जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२१ मध्ये या स्थितीची व्याख्या केली : संसर्गानंतर साधारण ३ महिन्यांनी आढळणारी, किमान २ महिने टिकणारी आणि दुसऱ्या निदानाने स्पष्ट न होणारी लक्षणे. थकवा, धाप आणि विचारशक्तीतील अडचण ही त्यांतली नेहमीची. ब्रिटनमध्ये ७८५ जणांचे मेंदूचे स्कॅन दोनदा काढून २०२२ साली तुलना केली गेली. त्यांतल्या ४०१ जणांना मधल्या काळात कोविड झाला होता. गंधाशी आणि स्मृतीशी जोडलेल्या काही भागांत त्यांची झीज इतरांपेक्षा थोडी अधिक दिसली. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या मिशेल मोंजे आणि सहकाऱ्यांनी उंदरांत दाखवले की श्वसनमार्गापुरत्या सौम्य संसर्गानंतरही मेंदूतील मायक्रोग्लिया चेतलेल्या राहतात आणि मायलिन घडवणाऱ्या पेशी घटतात. २०२४ साली डब्लिनच्या संशोधकांना अशा धुक्याची तक्रार असलेल्या रुग्णांत रक्त आणि मेंदू यांमधला अडसर गळका झाल्याचे स्कॅनमध्ये दिसले.

या रुग्णांकडे जुना पॉझिटिव्ह रिपोर्ट मागणे अन्यायाचे ठरते. जुलै २०२० मध्ये महापालिका, नीती आयोग आणि टाटा मूलभूत संशोधन संस्था यांनी दहिसरचा आर उत्तर, चेंबूरचा एम पश्चिम आणि माटुंग्याचा एफ उत्तर या तीन विभागांत केलेल्या सर्वेक्षणाचे निष्कर्ष जाहीर झाले. झोपडपट्ट्यांतील ५७ टक्के आणि इतर वस्त्यांतील १६ टक्के नमुन्यांत कोविडची प्रतिपिंडे सापडली. त्यांतल्या बहुतेकांची कधी चाचणीच झाली नव्हती. वस्तीतल्या ज्या कामगाराला लागण झाली, त्याच्याजवळ ती दाखवणारा कागद नाही.

वर्षांच्या गतीने चालणाऱ्या दाहात हवेचा वाटा आहे. अडीच मायक्रॉनहून लहान धूलिकण माणसाच्या केसापेक्षा वीस ते तीस पट बारीक असतात. ते फुप्फुसात खोल उतरून दाह निर्माण करतात आणि त्यांतले अतिसूक्ष्म कण रक्तात जातात. जागतिक आरोग्य संघटनेची या कणांसाठीची वार्षिक मर्यादा २०२१ पासून घनमीटरमागे ५ मायक्रोग्रॅम आहे. भारताचे प्रमाण ४० आहे. स्मृतिभ्रंशाचे धोके तपासणाऱ्या लॅन्सेट आयोगाने २०२४ साली टाळता येण्याजोग्या १४ कारणांत वायुप्रदूषण धरले. भारतात ६० वर्षांवरील सुमारे ७.४ टक्के लोकांना स्मृतिभ्रंश असल्याचा राष्ट्रीय अभ्यासाचा अंदाज आहे. पुनर्विकासाने रोज नव्या इमारती उठणाऱ्या घाटकोपर, अंधेरी, बोरिवलीत महापालिकेची ऑक्टोबर २०२३ ची धूळ नियंत्रणाची २७ कलमी नियमावली ही केवळ बांधकामाभोवतीचे पत्रे आणि ओले कापड यांची नव्हे, मेंदूच्या आरोग्याचीही बाब आहे.

डोके न चालण्याचे प्रत्येक कारण दाह नसते, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवे. ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता शाकाहारी घरांत सहज आढळते आणि ती विस्मरण घडवते. थायरॉइड मंदावणे, रक्तक्षय, साखर फार वर किंवा फार खाली जाणे, घोरण्यासोबत झोपेत श्वास अडकणे, नैराश्य, दारू, झोपेच्या आणि ॲलर्जीच्या गोळ्या ही कारणे रोजची आहेत. पहाटेची लोकल पकडून रात्री उशिरा घरी पोचणाऱ्या माणसाची झोपच पाच तासांची असेल, तर आधी झोपेचा विचार करावा लागतो. यांतली बहुतेक कारणे चार साध्या तपासण्या आणि दहा मिनिटांच्या संवादात कळतात आणि पुष्कळशी पूर्ण बरी होतात.

उपचाराच्या बाबतीत घाई आणि संयम यांच्या जागा वेगळ्या आहेत. तीव्र दाहात घाई हवी. रेंगाळणाऱ्या धुक्यावर मात्र अजून सिद्ध झालेले खास औषध नाही. झोप नियमित करणे, मधुमेह आणि रक्तदाब आटोक्यात ठेवणे, काम लहान तुकड्यांत वाटून मध्ये विश्रांती घेणे, झेपेल तेवढीच हालचाल हळूहळू वाढवणे, नोंदी लिहून ठेवणे यांचा उपयोग होतो. श्रमानंतर दुसऱ्या दिवशी त्रास उफाळणाऱ्यांनी जोर करून व्यायाम करू नये. 'मेंदूचा दाह घालवणाऱ्या' महागड्या गोळ्यांवर पैसा घालवण्याचे कारण नाही. आमटीतली हळद आपल्या जागी उत्तम आहे, पण तिच्यातले कर्क्युमिन आतड्यातून रक्तात फारच थोडे उतरते. स्टेरॉइड तर स्वतःच्या मनाने कधीच घेऊ नये. कोविडच्या २०२१ च्या लाटेत अनियंत्रित मधुमेह आणि स्टेरॉइडचा अतिवापर यांतून काळी बुरशी नाकावाटे डोळ्यांत आणि मेंदूत गेली. हे महाराष्ट्राने पाहिले आहे.

आता उपनगरांची गोष्ट. २०११ च्या जनगणनेत मुंबई उपनगर जिल्ह्याची लोकसंख्या ९३.५७ लाख आणि मुंबई शहर जिल्ह्याची ३०.८५ लाख होती. म्हणजे चारपैकी तीन मुंबईकर उपनगरांत राहतात. महापालिकेच्या जुन्या वैद्यकीय महाविद्यालयांची तिन्ही मोठी रुग्णालये, म्हणजे परळचे केईएम, शीवचे टिळक आणि मुंबई सेंट्रलचे नायर, शहर भागात आहेत. उपनगरांत वैद्यकीय महाविद्यालयाची जोड कूपर रुग्णालयाला आहे. घाटकोपरचे राजावाडी, मुलुंडचे अग्रवाल, बोरिवलीचे भगवती, कांदिवलीचे शताब्दी आणि त्याआधी गल्लीतला पालिकेचा दवाखाना किंवा 'आपला दवाखाना' हे इथल्या रुग्णाचे पहिले दार आहे. मेंदूच्या दाहात निर्णायक वेळ याच दारात वाचतो किंवा वाया जातो. म्हणून खात्याकडे पुढील मागण्या आहेत.

पहिली मागणी, डोके न चालण्याची, वागणे बदलल्याची किंवा गुंगीची तक्रार असलेल्या प्रत्येकाच्या केस पेपरवर 'नेहमीसारखा शेवटचा कधी' ही तारीख लिहिली जावी. ती रुग्णाकडून नव्हे, सोबत आलेल्या माणसाकडून घ्यावी, कारण भ्रमातल्या माणसाला आपला बदल कळत नाही. रुग्ण एकटा आला असेल तर घरी फोन करावा.

दुसरी, परिचारिका आणि आरोग्य सेविकांना लक्ष तपासण्याची दोन मिनिटांची साधी पद्धत शिकवावी. आठवड्याचे वार किंवा वर्षाचे महिने उलटे म्हणायला सांगणे त्यासाठी पुरते. रुग्णाच्या स्वतःच्या भाषेत ते विचारावे. मराठी, हिंदी, गुजराती, उर्दू किंवा तमिळ बोलणाऱ्याची परीक्षा दुसऱ्याच्या भाषेत घेतली तर भाषेची अडचण बुद्धीची ठरते.

तिसरी, तातडीच्या खुणांचा फलक प्रत्येक दवाखान्यात असावा : तापासोबत बदललेले वागणे, पहिली फिट, ताठ मान, उलट्यांसह वाढती डोकेदुखी, एका दिवसात आलेला गोंधळ आणि आठवडाभराहून जास्त टिकलेल्या तापाबरोबरची गुंगी. यांतली एकही खूण असेल तर पुढच्या ओपीडीची चिठ्ठी न देता १०८ ची रुग्णवाहिका बोलावून त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात पाठवावे आणि तिथे आधी फोन जावा.

चौथी, मणक्यातल्या पाण्याची तपासणी आणि त्यातील क्षयाची जीनएक्सपर्ट चाचणी उपनगरी रुग्णालयांतील रुग्णाला पूर्व-पश्चिम धावाधाव न करता मिळावी. या तपासणीची माहिती देणारे एक पानी पत्रक वर सांगितलेल्या भाषांत संमतीपत्रासोबत द्यावे.

पाचवी, महिन्यांपासून धुके अनुभवणाऱ्यांसाठी उपनगरी रुग्णालयांत आठवड्यातून एक ओपीडी असावी. तिथे हिमोग्लोबिन, साखर, थायरॉइड आणि ब-१२ तपासले जावे, झोप आणि मन यांची विचारपूस व्हावी आणि जुना कोविड रिपोर्ट ही अट नसावी. तीन महिन्यांनी तोच माणूस परत आला की केस पेपरवरच्या पहिल्या तारखेशी आजची तुलना करता यावी : सुधारतो आहे, आहे तसाच आहे की ढासळतो आहे. सुधारणाऱ्याला धीर देता येतो. ढासळणाऱ्याची तपासणी नव्याने सुरू करावी लागते, आणि तीही त्याच दिवशी.

कळावे.

मुंबई उपनगरांतील एक नागरिक